संमोहन उपचार: बडोद्यातल्या मराठी घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बडोद्यात समुपदेशनाचं काम करते. संमोहन स्वतः करत नाही, त्यामुळे इथे कुणाची जाहिरात नाही. पण कुणाला कुठे पाठवायचं आणि कुठे नाही, हा निर्णय मला नेहमी घ्यावा लागतो. दांडिया बाजार, रावपुरा, कारेलीबाग, वाघोडिया रोड अशा सगळीकडून फोन येतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवली.

संमोहन म्हणजे माणसाला झोपवतात का?

नाही. डोळे मिटलेले असतात, अंग सैल पडलेलं असतं, म्हणून बघणाऱ्याला झोप वाटते. आत मात्र माणूस जागा असतो. बाहेर रिक्षाचा हॉर्न वाजला तर ऐकू येतो, नाकाला खाज सुटली तर खाजवतो. फरक लक्षाचा आहे. लक्ष एकाच गोष्टीवर एकवटतं, बाकीचं मागे सरतं, आणि अशा वेळी सुचवलेली गोष्ट मन एरवीपेक्षा सहज उचलतं. विचारांच्या तंद्रीत स्टेशनहून रावपुऱ्याला येताना काळा घोडा चौक कधी मागे पडला हे कळत नाही, तरी सिग्नलला गाडी बरोबर थांबते. त्याच जातीची ही अवस्था, फक्त मुद्दाम आणलेली आणि कामाला लावलेली.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात २०१६ साली संमोहित लोकांच्या मेंदूची चित्रं घेतली गेली. ज्यांना संमोहन सहज लागतं त्यांच्यात, 'कशाकडे लक्ष द्यायचं' याची सतत चाचपणी करणाऱ्या भागाची हालचाल त्या वेळी कमी झालेली दिसली. म्हणजे सगळं सोंग आहे असंही नाही आणि जादूही नाही.

गणपतीच्या मांडवात बघितले होते ते संमोहनाचे प्रयोग, तेच का हे?

तंत्राचं मूळ एक, बाकी काहीच एक नाही. कांदा सफरचंद समजून खाणारा, मंचावर घोड्यासारखा धावणारा मुलगा आपण सगळ्यांनी पाहिलाय. पण प्रयोग करणारा आधी काय करतो ते आठवा: सगळ्या मांडवाला हात गुंफायला सांगतो आणि ज्यांचे हात खरोखर सुटत नाहीत अशा मोजक्या लोकांनाच वर बोलावतो. म्हणजे सहज संमोहित होणारे आणि चार लोकांत मजा करायला तयार असणारे आधीच वेचलेले असतात. त्यात मंचाचा दबाव, मित्रांच्या शिट्ट्या. उपचाराच्या खोलीत यातलं काही नसतं. तिथे करमणूक झाली तर उलट काळजी करावी.

माझ्या तोंडून घरातलं गुपित बाहेर पडेल का? आणि जागच आली नाही तर?

एका मावशींनी मला फोनवर विचारलं होतं, "डोळे मिटल्यावर त्याने लॉकरचा नंबर विचारला तर?" मी म्हटलं, एरवी कुणी विचारला तर सांगाल का? त्या म्हणाल्या, "छे!" तर मग डोळे मिटल्यावरही नाही सांगणार. संमोहनात माणूस खोटं बोलू शकतो, गप्प राहू शकतो, मधेच उठून जाऊ शकतो. मात्र एक सावधगिरी हवी. इच्छेविरुद्ध काहीच होत नाही हे वाक्य जितक्या ठामपणे सांगितलं जातं तितकं निर्धास्त होऊ नये. समोरच्यावर भरवसा टाकलेला, मन हळवं झालेलं, अशा वेळी माणूस नको त्या गोष्टीला नाही म्हणायला कचरतो. ते संमोहनामुळे कमी आणि नात्यातल्या अधिकारामुळे जास्त. म्हणूनच माणूस कोण निवडता याला एवढं महत्त्व.

जाग न येण्याचा प्रश्नच नाही. उपचारक खोली सोडून गेला तरी तुम्ही आपोआप भानावर याल, किंवा दुपारी डुलकी लागते तसे थोडे झोपून उठाल.

हे शास्त्र आहे की थोतांड?

इतिहासात दोन्ही आहे. संमोहनाचा पूर्वज मानला जाणारा फ्रान्त्स मेस्मर नावाचा डॉक्टर अठराव्या शतकात पॅरिसमध्ये 'प्राणिज चुंबकत्वा'ने आजार बरे करण्याचा दावा करत होता. १७८४ मध्ये फ्रान्सच्या राजाने चौकशी समिती नेमली, तीत बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते. त्यांनी निष्कर्ष काढला की चुंबकत्व वगैरे काही नाही, परिणाम होतो तो कल्पनाशक्तीमुळे. मेस्मर बदनाम झाला, पण त्या निष्कर्षाचा दुसरा अर्धा भाग, म्हणजे कल्पनेने शरीरावर खरा परिणाम होतो हा, बरीच वर्षं कुणी गंभीरपणे घेतला नाही.

आपल्याकडचा धागाही आहे. ईस्ट इंडिया कंपनीचा सर्जन जेम्स एस्डेल याने १८४५ पासून बंगालमधल्या हुगळीत मेस्मरच्या पद्धतीने रुग्णांना गुंगवून मोठमोठ्या गाठी काढल्या. लगेचच ईथर आणि क्लोरोफॉर्म आले आणि ते सगळं मागे पडलं. पुढे १९५५ मध्ये ब्रिटनच्या आणि १९५८ मध्ये अमेरिकेच्या वैद्यकीय संघटनेने संमोहनाला उपचाराचं साधन म्हणून मान्यता दिली. भारत सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने २५ नोव्हेंबर २००३ च्या पत्रात संमोहन उपचाराला मान्य पद्धत म्हटलं, पण योग्य प्रशिक्षण घेतलेल्यांनीच तो करावा या अटीवर. जाहिरातींत पहिला अर्धा भाग ठळक छापतात आणि अट गाळतात.

कोणत्या त्रासात खरोखर उपयोग होतो?

सगळ्यात भक्कम पुरावा पोटाचा आहे, हे ऐकून लोक चकित होतात. आयबीएस म्हणजे तपासण्या सगळ्या नॉर्मल, तरी पोट दुखतं, फुगतं, सकाळी चारदा जावं लागतं. १९८४ मध्ये मँचेस्टरच्या पीटर व्हॉरवेल यांनी अशा हट्टी रुग्णांवर संमोहनाचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि आतड्यासाठीची खास पद्धत त्यातून घडत गेली. पोटावर हात ठेवून ऊब जाणवू द्यायची, आतड्याची हालचाल संथ वाहत्या नदीसारखी कल्पायची, असं त्यात असतं. ब्रिटनच्या आरोग्यसेवेला मार्गदर्शन करणाऱ्या 'नाइस' संस्थेने २००८ मध्ये सांगितलं की वर्षभर औषधांनी आराम न पडलेल्या आयबीएसच्या रुग्णांसाठी या उपचाराचा विचार करावा. आधी पोटाच्या डॉक्टरकडून तपासून मात्र घ्यायचं. वजन उतरतंय, शौचातून रक्त जातंय, तर संमोहनाचं नावही काढू नका.

दुसरं क्षेत्र वेदनेचं: दाताचं काम, भाजल्यावरचं ड्रेसिंग, बाळंतपण, सुई टोचण्याची धास्ती. बेल्जियममधल्या लिएज शहरातल्या विद्यापीठ रुग्णालयात १९९२ पासून थायरॉइडसारख्या काही शस्त्रक्रिया संमोहन, स्थानिक भूल आणि थोडंसं गुंगीचं औषध एवढ्यावर होतात. तिथे भूलतज्ज्ञच संमोहन करतात, हे लक्षात घ्या.

चिंता, लिफ्टची किंवा विमानाची भीती, झोप न लागणं, परीक्षेआधीचं थरथरणं यांत फायदा होतो, पण बहुधा तो बोलण्यावर आधारलेल्या इतर उपचारांच्या जोडीने. नुसतं संमोहन पुरेल असं मानू नये.

सिगारेट, मावा, वजन?

एका बैठकीत सिगारेट बंद, असे फलक तुम्हीही पाहिले असतील. कॉक्रन या संस्थेने २०१९ मध्ये सगळे अभ्यास एकत्र पाहिले, तेव्हा सिगारेट सोडवण्यात संमोहन इतर मदतीपेक्षा सरस आहे असं ठामपणे म्हणता येईल एवढा पुरावा सापडला नाही. काहींना मदत होते, हमी नाही. मावा-गुटख्याचंही तेच समजा. वजनाच्या बाबतीत खाण्यापिण्याची सवय बदलण्याच्या कार्यक्रमाला जोड म्हणून चालेल. 'पोटावर बिनऑपरेशनची पट्टी' (म्हणजे जठराला पट्टी बसवली आहे अशी नुसती सूचना) वगैरे मोठी फी सांगणारं पॅकेज असेल तर ते पैसे गरब्याच्या पासवर खर्च करा, तेवढा तरी व्यायाम होईल.

मला संमोहन होईल का? माझं मन फार चंचल आहे.

चंचल मनाचा याच्याशी फारसा संबंध नाही. ही क्षमता माणसागणिक कमीजास्त असते आणि मोठेपणी वयाबरोबर फार बदलत नाही. साधारण दहा ते पंधरा टक्के लोकांना खोल संमोहन सहज लागतं, जवळपास तेवढ्यांना जवळजवळ लागतच नाही, बाकीचे आपण सगळे मधले. बऱ्याच त्रासांना मधली पातळी पुरते. पुस्तकात बुडणारी, कीर्तनात डोळ्यांत पाणी येणारी माणसं सहसा लवकर गुंततात. नाही लागलं तर तो तुमचा दोष नाही आणि उपचारकाचाही नाही. दुसरे मार्ग आहेत. 'तुम्ही मनापासून प्रयत्न करत नाही' असं कुणी सुनावलं तर नमस्कार करून निघा.

कुणी टाळावं?

कानात आवाज येणं, कुणीतरी मागावर आहे अशी पक्की खात्री, उन्मादाचा काळ, हे असताना संमोहन नको. अशा माणसाला मानसोपचारतज्ज्ञच हवा. फिट्सचा त्रास असेल, पूर्वी मोठा मानसिक धक्का बसून मधले तासच्या तास आठवेनासे होत असतील, तर आधी डॉक्टरांशी बोलणं आलंच. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर संमोहनाची वेळ घेत बसू नका. टेलि-मानस ही सरकारी सेवा १४४१६ वर चोवीस तास आणि मोफत आहे, ताबडतोब तिथे बोला.

आणि चालू गोळ्या कुणाच्याही सांगण्यावरून एकदम बंद करायच्या नाहीत. ज्याने लिहून दिल्या तोच कमी करील. संमोहन करणारा जर म्हणाला की 'माझ्याकडे आलात ना, आता गोळ्या फेकून द्या', तर फेकायचा तो त्याचा नंबर.

गेल्या जन्मात नेऊन आजाराचं मूळ शोधतात, ते करावं का?

या प्रश्नावर माझ्याशी सगळ्यात जास्त भांडण होतं, तरी लिहिते.

पुनर्जन्मावर तुमची श्रद्धा असेल तर ती तुमची, मी तिच्या आड येत नाही. प्रश्न संमोहनात दिसलेल्या गोष्टी आठवणी असतात का, एवढाच आहे. संमोहनात आठवण काही कोरून ठेवल्यासारखी बाहेर येत नाही. मन तुकडे जोडतं, रिकाम्या जागा भरतं आणि जोडलेल्या चित्राबद्दल माणसाची खात्री मात्र वाढते. अमेरिकेच्या वैद्यकीय संघटनेने १९८५ मध्येच म्हटलं होतं की संमोहनात उजळलेल्या आठवणी जास्त खऱ्या असतात असं मानता येत नाही. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ निकोलस स्पॅनोस यांनी लोकांना 'मागच्या जन्मात' नेलं, तेव्हा त्या काळाबद्दल लोकांनी दिलेली माहिती बऱ्याचदा चुकीची निघाली, आणि काय दिसेल याची कल्पना आधी दिली असेल तर तसंच दिसलं.

कुणी गेल्या जन्मी राजवाड्यात दासी होतं, यात फारसं बिघडत नाही. बिघडतं ते याच जन्मातलं काही 'दिसतं' तेव्हा. काकांनी लहानपणी काही केलं, सासूने करणी केली, असं चित्र संमोहनात तयार झालं की घर कायमचं दुभंगू शकतं, आणि ते चित्र खरं की खोटं हे मग कुणालाच सांगता येत नाही. अत्याचाराची आठवण जागेपणी तुमच्याजवळ असेल तर तिच्यावर जरूर काम करा, जाणत्या माणसाबरोबर. पण दडलेलं उकरून काढतो असं म्हणणाऱ्याकडे त्यासाठी जाऊ नका. वशीकरणवाले आणि भुवे, म्हणजे इकडचे मांत्रिक, तर वेगळेच. गुजरातमध्ये अमानुष अघोरी प्रथा आणि काळ्या जादूविरुद्ध २०२४ मध्ये कायदा झाला आहे.

भारतात संमोहन करायला परवाना लागतो का?

सगळी ग्यानबाची मेख इथे आहे. फक्त 'संमोहन उपचारक' म्हणून नोंदणी करणारी वेगळी सरकारी परिषद आपल्याकडे नाही. उद्या कुणीही दोन दिवसांचा कोर्स करून पाटी लावू शकतो. त्यामुळे 'हा संमोहन शिकलाय का' हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न: संमोहन वजा केलं तर हा माणूस माझ्या त्रासावर उपचार करायला लायक आहे का? भीतीवर मानसतज्ज्ञ, दातावर दंतवैद्य, वेदनेवर त्या विषयाचा डॉक्टर. ज्याला संमोहनाशिवाय तुमचा त्रास कळत नाही, त्याला संमोहन लावूनही कळणार नाही.

मानसिक त्रासासाठी दोन नोंदण्या पाहायच्या. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचारात एमडी, डीएनबी किंवा डिप्लोमा केलेला डॉक्टर. त्याची राज्याच्या वैद्यकीय परिषदेत नोंद असते, तो औषधही देऊ शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असते आणि त्याला सीआरआर क्रमांक मिळतो. दोन्ही क्रमांक इंटरनेटवर पडताळता येतात. मानसशास्त्रात एमए केलेले समुपदेशकही चांगलं काम करतात, मी त्यांतलीच. पण आम्ही निदान करत नाही आणि गंभीर आजार एकट्याने अंगावर घेत नाही.

भिंतीवर खूप प्रमाणपत्रं होती. ती कशी वाचायची?

जवळ जाऊन. एका ठिकाणी मी रुग्णाच्या सोबतीला गेले होते. सोनेरी किनार, लाल लाखेसारखा शिक्का, 'इंटरनॅशनल' हा शब्द वर टपोऱ्या अक्षरांत, खाली 'मास्टर हिप्नोथेरपिस्ट'. चष्मा लावून खालची बारीक ओळ वाचली तर कालावधी लिहिला होता: दोन दिवस, ऑनलाइन. नावामागे 'डॉ.' होतं. कशातले, म्हणून विचारलं तर उत्तर आलं, "मानद." शेजारच्या फ्रेममध्ये बी.कॉम.ची पदवी होती, एम.एस. युनिव्हर्सिटीची, आणि त्या भिंतीवर खरोखर अभ्यास करून मिळवलेलं तेवढंच होतं.

तर बघायचं काय? मूळ पदवी कोणती आणि कोणत्या विद्यापीठाची. संमोहनाचं प्रशिक्षण किती तासांचं, कुणाच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्णांवर. बाकी शिक्के, पुरस्कार, नेत्यांबरोबरचे फोटो सोडून द्या.

पहिल्या फोनवर काय विचारू? विचारलेलं आवडेल का त्यांना?

न आवडणारा माणूस नकोच. विचारा: तुमची मूळ पदवी आणि नोंदणी क्रमांक? माझ्यासारखा त्रास असलेले लोक तुमच्याकडे येतात का, त्यांच्यावर संमोहनाखेरीज आणखी काय करता? साधारण किती बैठका, एका बैठकीची फी किती? फरक पडला नाही तर कुठे पाठवता? हा शेवटचा प्रश्न सगळ्यांत बोलका असतो. चांगला माणूस पटकन दोन-चार नावं किंवा विभाग सांगतो. "आमच्याकडे आलेला कुणी रिकाम्या हाताने गेला नाही" असं उत्तर आलं की फोन ठेवायला हरकत नाही.

पहिल्या भेटीत लगेच संमोहन करतात का?

सहसा नाही. पहिला बराचसा वेळ तुमची हकिगत, आजार, चालू औषधं आणि तुमची अपेक्षा यांत जातो. नंतरच्या बैठकीत एखाद्या बिंदूकडे पाहणं, श्वास, अंग एकेक करून सैल सोडणं, आकडे मोजणं, मग त्रासाशी निगडित सूचना, आणि शेवटी हळूहळू भानावर आणणं. पाऊण ते एक तास. घरी करायला स्वसंमोहन शिकवलं पाहिजे. जो ते शिकवत नाही त्याला तुम्ही कायमचं गिऱ्हाईक म्हणून हवे आहात.

सूचना मराठीतच हव्यात का? इथे बहुतेक जण गुजराती किंवा हिंदी बोलतात.

ज्या भाषेत तुम्हाला भीती वाटते, त्या भाषेत सूचना लवकर पोचते. पण हट्ट नको. बडोद्यात दोन-तीन पिढ्या वाढलेल्यांना गुजराती परकी नसते. माझा अनुभव असा की सत्तरीच्या आजींना मराठी लागते, नातवाला काहीही चालतं. उपचारकाला मराठी येत नसेल तर महत्त्वाच्या सूचनांची वाक्यं तुमच्याकडून तुमच्या शब्दांत लिहून घ्यायला सांगा. नोंदणीकृत गुजराती मानसतज्ज्ञ आणि बिननोंदणीचा मराठी ओळखीतला, यांत निवडायचं तर मी डोळे मिटून पहिला निवडीन.

किती बैठका, किती खर्च?

साध्या भीतीला थोड्या, आयबीएसला जास्त. मँचेस्टरच्या पद्धतीत साधारण बारा असतात. तीन-चार बैठकींत काहीच हललं नाही तर थांबून बोलायला हवं. पैसे बैठकीगणिक द्या, पावती घ्या. पंचवीस बैठकींचं पॅकेज आगाऊ भरायला लावणारा, 'आजच भरलं तर सूट' म्हणणारा, हमी देणारा, तिघांनाही टाळा. गंमत म्हणून सांगते, हे तिघे बहुधा एकच माणूस असतो.

मुलाला बोर्डाची धास्ती आहे. मुलीची अमेरिकेच्या व्हिसाची मुलाखत आहे. फायदा होईल?

मुलं संमोहनाला मोठ्यांपेक्षा चटकन प्रतिसाद देतात, धास्तीवर फायदा होऊ शकतो. न केलेला अभ्यास मात्र संमोहनाने होत नाही, आणि व्हिसाच्या अधिकाऱ्यावर तर मुळीच चालत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलासाठी पालकांची संमती लागते, पण मुलाची तयारीही विचारा. बापाने दंड धरून आणलेला मुलगा खुर्चीत बसून फक्त छत मोजतो.

बाईने एकटीने जावं का?

हवं तर सोबत न्या. तसं सांगितल्यावर चांगला उपचारक कारण विचारत नाही. सोबतीची व्यक्ती खोलीत किंवा दाराबाहेर बसू शकते. संमोहनासाठी अंगाला हात लावायची गरज नसते. हात उचलून पाहायचा असेल तर आधी विचारलं पाहिजे. ध्वनिमुद्रण करायचं तर तुमच्या परवानगीने, आणि प्रत तुमच्याकडेही. 'बैठकीतलं घरी सांगायचं नाही' असं कुणी म्हटलं तर तोच तुमचा शेवटचा दिवस. गुप्तता पाळायची ती त्याने, तुम्ही नव्हे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तो तुमचा हक्क आहे.

गैर घडलं तर तक्रार कुठे?

डॉक्टर असेल तर गुजरात वैद्यकीय परिषद, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर आरसीआय. फसवणूक आणि पैशांसाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५. नको तो स्पर्श किंवा धमकी असेल तर सरळ पोलीस, आणि बायकांसाठी गुजरातची अभयम सेवा, १८१.

यूट्यूबवरच्या ध्वनिफितींनी चालेल का? ऑनलाइन बैठक?

झोपेआधी शांत व्हायला ध्वनिफीत चालेल, गाडी चालवताना नाही. ओळखीच्या उपचारकाबरोबर ऑनलाइन बैठक ठीक आहे. पहिली भेट मात्र समोरासमोर झालेली बरी.

बडोद्यात सुरुवात कुठून करू?

आधी घरच्या डॉक्टरांकडून थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन पाहून घ्या. कितीतरी 'घाबरटपणा' तिथेच सापडतो. मग सयाजी हॉस्पिटलच्या, म्हणजे एसएसजीच्या मानसोपचार विभागाची ओपीडी किंवा कारेलीबागेतलं मानसिक आरोग्य रुग्णालय. गर्दी असते, वेळ लागतो, सकाळी लवकर जा आणि जुने कागद बरोबर ठेवा. कारेलीबागेचं नाव काढलं की आपल्याकडे अजून लोक आवाज खाली आणतात, पण तिथली ओपीडी झोप आणि चिंता घेऊन आलेल्या साध्या माणसांनीही भरलेली असते. निदान हातात आलं की तिथल्याच डॉक्टरांना विचारा, माझ्या त्रासात संमोहनाची जोड उपयोगी आहे का, आणि असेल तर कुणाकडून.